शाब्दिक उदाहरणं

द्रोणागिरी,
१८ ऑगस्ट २०२४

ती. जोतीराम मामांना,
प्रियदर्शिनीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. आई सांगत होती की तुमचे कान आता पारच गेले, फोनवर कुणी काहीही बोललं तरी तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता. म्हणून कागद घेतला.

मामा, मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये दहावीला बसणार. गोदामात खोकी स्कॅन करून सात वर्षं झाली. आता शिफ्ट इन्चार्जची जागा निघणार आहे, पण दहावी पास पाहिजे. तुमचे जावईबापू म्हणाले, बस बिनधास्त, भाकऱ्या मी थापतो. त्यांच्या भाकऱ्यांचा आकार इथं काढून दाखवत नाही, भूमितीचा अपमान होईल.

सगळे विषय जमतात. समीकरण समोर लिहून दिलं तर तेही सोडवते. पण शाब्दिक उदाहरण आलं की टेन्शन. दोनदा-तीनदा वाचते, गोष्ट कळते, त्यातलं गणित दिसत नाही. सई आता नववीत आहे, ती शिकवायला बसली की पाच मिनिटांत चिडते. तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंत. पत्रातून शिकवाल का?

नाही म्हणायचं असेल तर तेही सविस्तर लिहा, तेवढंच तुमचं अक्षर बघायला मिळेल.

तुमची भाची,
प्रियदर्शिनी

कोरेगाव,
२७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रियदर्शिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका आहेत, त्या मराठीच्या बाईंकडे सोपवतो.

आता कामाचं. उदाहरण वाचताना आकडे शोधू नकोस. आधी विचार, आपल्याला काय ठाऊक नाही? दोन गोष्टी ठाऊक नसतील तर त्यांना दोन नावं दे, x आणि y. मग गोष्ट पुन्हा वाच. त्यात त्या दोघांबद्दल दोन वेगवेगळी वाक्यं असतातच. एका वाक्याचं एक समीकरण. एकाच वाक्यावर अडून बसलीस तर शंभर उत्तरं निघतील. दुसरं वाक्य आलं की त्यातलं एकच उरतं.

हे सोडव. एका आईचं आणि तिच्या मुलीचं वय मिळून पन्नास. तीन वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या तिप्पट होतं. आजची वयं किती? सईला विचारायचं नाही.

सईच्या पाठीवर माझ्या वतीनं एक हलकी थाप.

तुझा मामा,
जोतीराम

द्रोणागिरी,
१५ सप्टेंबर २०२४

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

आलं! जेवणाच्या सुट्टीत, एका फाटक्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. आई x, मुलगी y. पहिलं वाक्य, x + y = 50. दुसऱ्यापाशी दोन दिवस अडले, कारण तीन वर्षं एकटीच्याच वयातून वजा करत होते. मग लक्षात आलं की तीन वर्षांपूर्वी मुलगीही लहान असणार. x − 3 = 3(y − 3). मुलगी चौदा, आई छत्तीस. म्हणजे सई आणि मी! मामा, मी कॅन्टीनमध्ये एकटीच मोठ्यानं हसले. शेजारी बसलेली प्रितम म्हणाली की लॉटरी लागली काय.

हसू ओसरल्यावर मात्र रडू आलं. का ते लिहू का नको, तीन दिवस ठरेना. लिहितेच. मी नववीत नापास झाले तेव्हा तुम्ही आमच्या ओसरीवर बाबांना म्हणालात की पोरीच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, उगाच वर्षं घालवू नका. मी दाराआड होते. पुढच्या सोमवारपासून शाळा बंद झाली. तुमच्यावर राग धरला नाही, पण ते वाक्य आजवर खरं मानलं. त्या दिवशी पुठ्ठ्याकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, खरं नसेल.

उद्धटपणा वाटला तर पोटात घाला.

तुमचीच,
प्रियदर्शिनी

कोरेगाव,
२४ सप्टेंबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस,
आशीर्वाद.

तू दाराआड होतीस हे मला ठाऊक नव्हतं. पण मी बोललो ते मला पक्कं आठवतं.

आणखीही आठवतं, ते तू विसरली असशील. तू नववीत माझ्या तासाला विचारलं होतंस की जे माहीतच नाही त्याला आधी नाव कसं द्यायचं. पंचेचाळीस मुलांसमोर मला उत्तर आलं नाही. रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हतं. मी तुला खाली बसवलं आणि तुझ्यावर चिडून राहिलो. माझी अडचण मी तुझ्या डोक्यावर ढकलली आणि तुझ्या बापाला सांगून मोकळा झालो. उत्तर पुढं आठ-दहा वर्षांनी सापडलं, तेव्हा तू सासरी होतीस. बाळाला देतो तसं नाव आधी द्यायचं, ओळख मागून होते, एवढंच ते होतं.

मी चुकलो, पोरी. मोठ्या माणसानं माफी कशी मागायची याचा सराव नाही, म्हणून साधंच लिहितो. मला माफ कर.

सोबत वीस उदाहरणं पाठवतो आहे. जमली तर कर, नको वाटली तर फाडून टाक.

जोतीराम

द्रोणागिरी,
९ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, ती पदर तोंडाला लावून बसली. मी पत्र लिहायच्या आधी वीसही उदाहरणं सोडवली. सोबत जोडली आहेत. आता तुमच्या-माझ्यात काही राहिलं नाही असं समजा.

आता गंमत ऐका. सोमवारी आमचा भरलेला कंटेनर वजनकाट्यावर अडला. कागदावर अठरा किलोची चारशे खोकी आणि पंचवीस किलोची दोनशे चाळीस. काट्यावर मालाचं वजन आलं तेरा हजार सहाशे वीस, म्हणजे चारशे वीस किलो जास्त. आमचे सुपरवायझर जयप्रकाश सर भडकले. प्रितमनं मोजणीत घोळ केला, आता सगळा माल उतरवा आणि हिला उद्यापासून घरी बसवा, म्हणाले. बिचारी यादी पुन्हा पुन्हा मोजत होती. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं.

एकूण खोकी सहाशे चाळीस, ती गेटवर मशीननं मोजलेली. मी म्हटलं, सर, दोन मिनिटं द्या. लहान खोकी x, मोठी y. दोन वाक्यं, दोन समीकरणं. मोठी तीनशे निघाली, लहान तीनशे चाळीस. मोजणी बरोबरच होती, साठ मोठ्या खोक्यांवर लहानांची लेबलं लागली असणार, असं मी सांगितलं. मागचं दार उघडलं, तर दोन रांगा तशाच! लेबलं छापूनच चुकीची आली होती. सर प्रितमला सॉरी म्हणाले, सगळ्यांसमोर.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर सई म्हणते, एका खोक्यामागे सात किलोचा फरक, चारशे वीसला सातानं भागलं असतं तरी साठच आले असते. तिला आज भांडी घासायला लावलीत.

तब्येतीला जपा.

तुमची,
प्रियदर्शिनी

द्रोणागिरी,
१४ मे २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पास झाले! एकूण एकाहत्तर टक्के, गणितात शंभरपैकी चौसष्ट. इन्चार्जच्या जागेसाठी अर्ज दिलाय, अजून काही कळलेलं नाही. मिळेल न मिळेल.

पण वेगळंच झालंय. प्रितम आणि आणखी चौघी यंदा फॉर्म भरतायत. दर रविवारी सकाळी आमच्याकडे जमायचं ठरलंय. मला शिकवायला सांगतात आणि मी विषय बदलते. मामा, तुम्ही या ना. दोन महिने राहा. खिडकीतून खाडीचा वारा येतो. तुम्ही शिकवा, चहा मी करते.

वाट बघते, हो म्हणाल या भरवशावर गादी उन्हात टाकली आहे.

प्रियदर्शिनी

कोरेगाव,
२० मे २०२५

चि. प्रियदर्शिनीस,
उदंड आशीर्वाद.

येत्या शनिवारच्या एसटीनं पनवेलला उतरतो. जावईबापूंना स्टँडवर यायला सांग. त्यांनी हाका मारू नयेत, मला ऐकू येणार नाही, नुसता हात हलवावा.

शिकवणार मात्र तूच. बायका प्रश्न विचारतील ते मला ऐकू यायचे नाहीत, आणि प्रश्न न ऐकता शिकवणारा मास्तर मी पूर्वी होऊन बसलोय. मी बायकांच्या ओळीत वही घेऊन बसेन. तू फळ्यावर लिही, मी उतरवून घेईन. कुठं चुकलीस तर बोट वर करेन.

तुझा मामा,
जोतीराम