प्रमिलाच्या अकरा कुंड्या

जळगाव, ता. १८ एप्रिल १९९१

ती. अक्कास,
धाकट्या देवचंदचा सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रमिला दवाखान्यातून घरी येऊन सात आठवडे झाले. उजवं अंग लुळंच आहे, वाचा परतलेली नाही. लेक महिनाभर राहून सुरतेला गेली. मी पार्सल ऑफिसातून रजा काढून घरीच आहे. बायकोची वेणी घालायलासुद्धा शिकलो, हसू नकोस.

पण अक्का, एका कामात माझ्या हातून घात झाला. ओट्यावरच्या तिच्या अकरा कुंड्या तुला माहीत आहेत. मोगरा, जास्वंद, अनंत, तगर, गुलाब. त्या दिसाव्यात म्हणून तिची खाट खिडकीला लावली. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी पाणी घातलं नव्हतं. ऊन फार, म्हणून सकाळ-संध्याकाळ बादली बादली ओतत गेलो. पानं पिवळी पडली. मला वाटलं, खत कमी पडलं. शेजारच्या चुडामणकडून युरिया आणला आणि प्रत्येक कुंडीत मूठभर टाकला. चार दिवसांत पानं भाजल्यासारखी करपली.

हे सगळं ती खिडकीतून बघत होती. तिला ओरडता आलं नाही. काल तिने तोंड भिंतीकडे फिरवलं ते अजून तसंच आहे. जेवण दोन घासांवर आलंय. मला झाडांतलं काही कळत नाही. तू ये, नाहीतर काय करू ते सविस्तर लिही.

तुझ्या आधाराच्या आशेवर,
देवचंद


धुळे, ता. २३ एप्रिल १९९१

चि. देवचंद यास,
अक्काचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

मला निघता येत नाही रे. सुगंधा बाळंतपणाला माहेरी आलीय, तिचे दिवस भरत आलेत, केव्हा दवाखान्यात पळावं लागेल सांगता येत नाही. जीव मात्र तुमच्याकडे लागलाय. लहानपणी कोंबडीची पिल्लं मळकी दिसतात म्हणून तू साबणाने धुतली होतीस, ते आठवलं. तुझी माया अशीच अंगावर येते बाबा.

आता नीट वाच. पाणी आजच बंद कर. बोट दोन पेरं मातीत खुपस. ओल लागली तर थेंबही घालायचा नाही. कुंडीखालचं भोक बुजलं असेल, काडीने मोकळं कर. वरची खताची माती खरवडून फेक. झाड मातीसकट काढ, काळी पडलेली मुळं काप आणि नव्या मातीत लाव. नुसती काळी माती घेऊ नकोस, ती पाणी धरून बसते. निम्मी नदीची वाळू आणि जुनं शेणखत मिसळ. कुंड्या तापल्या फरशीवरून उचलून विटांवर ठेव, वर गोणपाटाची सावली कर. फांदी नखाने खरवडून बघ. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

प्रमिलाला थोडं थोडं भरव, घाई करू नकोस.

तुमची काळजी करणारी,
अक्का


जळगाव, ता. २९ एप्रिल १९९१

ती. अक्कास,
देवचंदचा जयभीम. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. पण माझे हात पार्सलं बांधणारे. दोन गुलाब काढतानाच मोडले. अनंत संपला. सहा झाडं गेली. उरलेल्यांची नुसती काटकं आहेत. नख लावायचं धाडस होत नाही. समोरच्या भिकुबाईंनाही सगळी मेलेलीच वाटली, म्हणाल्या, ‘भाऊ, बठ्ठं मरी गयं, फेकी द्या.’

त्याहून वाईट मी केलं ते सांगतो. नर्सरीतून फुललेला गुलाब आणला, तिच्या जुन्या कुंडीत बसवला आणि तिला म्हणालो, बघ, तुझा गुलाब सावरला. तिने एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिला खोटं कळलं अक्का. दोन दिवस झाले, चमचाभर ताक घातलं तर तेही ओठांवरून ओघळतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले, येत्या सोमवारपर्यंत बघू, मग नाकातून नळी घालावी लागेल. ती उपटू नये म्हणून तिचे हात बांधावे लागतील असंही म्हणाले. एकच तर हात आहे तिला.

मी हरलो. तिच्यासमोर बसायचीही लाज वाटते.

देवचंद


धुळे, ता. २ मे १९९१

चि. देवचंद यास,
अक्काचे आशीर्वाद.

खूप रागावले होते, मग रडले. अरे, अंग लुळं झालं म्हणून तिची अक्कल गेली का? ती झाडं तिची. दोन महिने तू सगळं तिच्यासाठी करतोस, पण तिला एकदा तरी काही विचारलंस? खाटेवर गोणपाट अंथर. एकेक कुंडी तिच्यापुढे ठेव. खोटं बोललास त्याची माफी माग आणि आता काय करू असं तिलाच विचार. मेलेली असतील तरी तिच्यापुढे ठेव.

सुगंधाला कालपासून कळा आहेत, म्हणून एवढंच.

अक्का


जळगाव, ता. ९ मे १९९१

ती. अक्कास,
देवचंदचा मनापासून जयभीम. वि. वि.

सुगंधाचं काय झालं ते आधी कळव.

तुझं पत्र शनिवारी आलं. तसाच उठलो, गोणपाट अंथरलं आणि मोगरा तिच्यापुढे ठेवला. माफी मागितली. विचारलं, प्रमिला, काय करू? तिने मान वळवून मोगऱ्याकडे बघितलं. मग डाव्या हाताच्या नखाने तिने शेंड्याची साल खरवडली. तपकिरी. खाली खाली बुंध्यापर्यंत खरवडत गेली. तपकिरीच. मग बुंधा धरून तिने मोगरा उपटला, काळी मुळं बघितली आणि माझ्या हातात दिला. मी तिच्यापुढे लहान पोरासारखा रडलो. ती रडली नाही. बोटाने पुढची कुंडी मागितली.

पाचांत तीन हिरवी निघाली. जास्वंद, तगर आणि एक गुलाब. कुठे कापायचं ते ती बोट ठेवून दाखवत होती. जास्वंद कापून झाल्यावर मी सवयीने तांब्या उचलला, तर तिने माझं मनगट असं घट्ट धरलं की नखं रुतली. रागाने बघत होती. दवाखान्यापासून तिने माझ्यावर केलेला हा पहिला राग.

संध्याकाळी मुगाची खिचडी नेली. तिने तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. सोमवारी डॉक्टर आले आणि नळी परत घेऊन गेले.

बोलणं अजून आलेलं नाही. उजवा हात यायचा नाही, असंही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिलाही ऐकू गेलं असणार. पण आज तिने तगरीची कुंडी माझ्याकडून तीनदा मातीने भरून घेतली, आणि तिसऱ्यांदाही तिला ती पटली नाही.

आम्हा दोघांवर तुझी माया अशीच राहो.

तुझा,
देवचंद