शाळेच्या भिंतीवरचा वाघ

५ जानेवारी

चि. छकुलीस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, कपडे भिजत होते आणि मी ओट्यापाशी तांदूळ निवडत होते. तुझे काका समोर स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, जरा वर बघ, पापणी हलवू नकोस. मी म्हटलं, खडे भातात जातील. ते म्हणाले, जाऊ देत, शाळेच्या भिंतीवर वाघ काढायचाय, पट्टे पुस्तकात सापडले पण डोळे काही पटेनात.

तू छापून पाठवलेल्या कागदावर तोच वाघ बघितला आणि हे आठवलं. त्याचे डोळे बाईचे का दिसतात असं लोक विचारतात म्हणतेस. माझे आहेत म्हणून. दुपारी दोन खडे तुझ्या काकांच्याच दाताखाली आले.

रस्त्यावरच्या विचित्र चित्रांचं इंटरनेटवर एक पान आहे आणि तिथे लोक या वाघाला हसतात, हे मला आधी लागलं. मग त्यातलं एक वाचलं, की हा वाघ खाणार नाही, उलट जेवलास का म्हणून विचारेल. त्याने बरोबर ओळखलंय. चित्र कुणाचं, कुठलं, हे त्यांना ठाऊक नसेल तर तू सांगून टाक. मी अक्षरं शिकले ती तुझ्या काकांच्या पाट्यांवर, रंग ओला असतानाच. त्या पाट्या सगळ्या उतरल्या, आता दुकानांवर दिव्यांचे फलक आहेत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या हातचं एवढं एकच उरलंय.

दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या दातांसाठी नावं पुकारतेस, स्वतःची दाढ दाखव. मावशीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी


१९ जानेवारी

ती. मावशीस सा. न., आणि लगेच बातमी.

काकांचं नाव, शाळा, रस्ता, सगळं त्या पानावर लिहिलं. तांदळाची गोष्टही लिहिली, तुला न विचारता. दोन दिवसांत नऊ हजार लोकांनी वाचली. कुणी वाघाला ‘वाघीणबाई’ म्हणतं, कुणी रडू आलं म्हणतं. पुष्कळ जण बघायला येणार आहेत. आई म्हणाली, हिच्या डोळ्यांना आम्ही लहानपणापासून घाबरतो, ते काढायला तुझे काकाच पाहिजेत.

फोनवर तू फक्त ‘बरी आहे’ म्हणतेस, म्हणून पत्रच लिही. रागावली असलीस तरी लिही.

तुझी छकुली


२ फेब्रुवारी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

लोक आले. वाघाशेजारी जिभा काढून उभे राहतात आणि फोटो घेतात. कुणीतरी त्याचे ओठ लाल केले. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर खालचा रंगही निघाला.

मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. माणूस वाईट नाही, चहा दिला. इंटरनेटवर शाळेचं नाव टाकलं की आधी हसणं दिसतं, पालक तक्रार करतात, भिंत पांढरी करायचं ठरलंय, असं म्हणाले. मी सांगितलं, पुष्कळ लोकांना हा वाघ राहावा असं वाटतं. ते म्हणाले, तसं पन्नास जणांनी सही करून लिहून द्यावं, महिनाअखेरपर्यंत थांबतो.

नऊ हजारांत पन्नास निघतील ना? मला त्या पानावर लिहिता येत नाही, तूच माझ्या नावाने विनंती कर. तुझ्यावरच भिस्त आहे.

तुझी मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

कसं सांगावं सुचत नाही. चारशे लोकांनी विनंतीखाली नुसते लाल बदाम टाकले, पसंतीची खूण म्हणून. सहीचे कागद सात आले. एक माझा, एक आईचा, तीन दवाखान्यातले, त्यातल्या एकाची भूलही उतरली नव्हती. उरलेल्या दोघांनी शाळेचं नाव चुकीचं लिहिलंय. रोज विचारत राहिले, तर पान चालवणाऱ्याने मला पुन्हा पुन्हा तेच लिहू नका म्हणून कळवलं. तिथे आता एक पुतळा आलाय, दोन्ही पाय डावे असलेला. सगळे तिकडे आहेत.

कागद सोबत जोडलेत. पत्ता मी द्यायला नको होता. आई तुझ्याकडे निघते म्हणत होती, तू नको म्हणालीस. निदान पत्राला नको म्हणू नकोस.

तुझी छकुली


२ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

पत्ता दे असं मी सांगितलं होतं, तू आपणहून दिला नाहीस. त्याबद्दल पुन्हा लिहू नकोस. आईला इतक्यात पाठवू नकोस, मला माणसांत बसवत नाही. तुझ्यावर माझा राग नाही, एवढं धरून ठेव.

शुक्रवारी सात कागद घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी सातही वाचले आणि खणात ठेवले. मग रंगारी उद्या येणार आहे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. त्यांनी खुर्ची दिली. रंगाऱ्याने पहिला हात मारला, पट्टे गेले, डोळे दिसत राहिले. दुसऱ्या हातानंतरही दिसत होते, अंधुक. काम दोनच हातांचं ठरलं होतं, तो डबा बंद करायला लागला. नुसते डोळे उरलेली भिंत मला बघवेना. मी त्याला तिसरा हात मारायला सांगितलं आणि तो पूर्ण होईपर्यंत बसून राहिले.

तुझी मावशी