दोन भाकरी आणि चौथीचा वर्ग

कोयनानगर, शुक्रवार

ती. आईस,
क्रांतीचा कोयनाकाठावरून नमस्कार.

परवा जमीन जराशी हलली, पण फळीवरचं भांडंही पडलं नाही. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आज माझा चौथीचा वर्ग तपासायला साहेब आले. त्यांनी विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

सगळी पोरं ओरडली, "चतुर्थांश!"

माझं तोंडच उतरलं. मी डब्यातल्या दोन भाकरी पुढं ठेवल्या. जूनपासून वर्गात एक शब्द न बोललेली आसिया उठली. तिनं एकीचे तीन सारखे तुकडे केले, दुसरीचे चार.

"बाई, खाणारी वाढली की वाटा बारीक व्हतोय! तृतीयांशच मोठा हाय!"

पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. साहेबांनी हसत चतुर्थांश उचलला, तर आसिया म्हणाली, "आवं, मोठा घ्या की!"

मी उपाशीच, पण लय खूश.

तुझी,
क्रांती