दोन डोंगरांवर घातलेली बंदी

सावांगान,
मंगळवार

आदरणीय मार्दिकाका,

अस्सलामु अलैकुम. चित्रं शिकवायला शिकायचं म्हणजे चार वर्षं कशाला लागतात, असं तुम्ही ईदच्या दिवशी सगळ्या घरासमोर विचारलंत. तेव्हा मी तोंडात भाताचा केतुपात कोंबून वेळ मारून नेली. आता चौथं वर्ष निम्मं संपलं, पण उत्तर मला अजूनही येत नाही, हे आधीच कबूल करते.

काकूंचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? (पडदे रंगवून झाल्यावर रॉकेलचे हात न पुसता लवंगेची सिगारेट पेटवू नका, असं काकूंनी मला लिहायला सांगितलंय. मी त्यांचं नाव घेतलं असं त्यांना सांगू नका.) पत्र अशासाठी लिहिते की फोनवर तुम्ही पाच मिनिटं ‘हं, हं’ करत ब्रश चालवता आणि शेवटी विचारता, ‘कोण बोलतंय?’

तर इथली हकीकत अशी. पदवीसाठी या सहामाहीत आम्हाला खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. शेवटी विद्यापीठातून आमच्या हेस्ती मॅडम येतात, मागच्या बाकावर बसतात आणि पाठ बघतात. त्यांनी पास म्हटलं तर पास, नाहीतर सहामाही पुन्हा. (घरात पदवी घेणारी मी पहिलीच. आईने समारंभाची कबाया आत्ताच शिवायला टाकलीय आणि गल्लीला आमंत्रणंही देऊन झालीत, त्यामुळे नापास व्हायची सोय उरलेली नाही.)

मला चौथीचा वर्ग मिळाला. एकतीस मुलं. पहिल्या दिवशी म्हटलं, कुठलाही देखावा काढा. एकतीस जणांनी एकच चित्र काढलं. कोणतं ते तुम्हाला सांगायला नकोच: दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, तिथून निघून थेट आपल्या पोटावर येणारा रस्ता, दोन्हीकडे भातशेती. मीही लहानपणी तेच काढलं. आपल्या लामोंगानमध्ये, काका! जिथे उंच म्हणून मशिदीच्या मनोऱ्याखेरीज काही नाही, तिथे! मुलांची कल्पनाशक्ती मोकळी करावी असं मी चार पुस्तकांत वाचलं होतं, त्यामुळे माझं रक्त उसळलं. मी भाषण ठोकलं आणि दोन डोंगरांवर बंदी घातली.

वर्गात सुतक पडलं. नास्तिती नावाची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, मग रस्ता कुठून यायचा?” एकाने विचारलं, एक डोंगर चालेल का. दुसऱ्याने तीन काढले. दुसऱ्या दिवशी एक वडील मोटारसायकलवरून आले आणि डोंगरांनी बाईंचं काय बिघडवलंय, असं अतिशय अदबीने विचारून गेले. मी डगमगले नाही. (तेव्हा डगमगले असते तर बरं झालं असतं.)

तीन आठवड्यांनी हेस्ती मॅडम आल्या. सकाळी सातचा तास. मी ठरवून ठेवलं होतं की आज मुलांना खऱ्या जगाकडे बघायला लावायचं. पूर्वेच्या खिडकीवर मीच रंगांचा मोठा तक्ता चिकटवला होता, तो नाट्यपूर्ण रीतीने ओढून काढला आणि म्हटलं, “वर्गातले लाकडी ठोकळे काढणं पुरे. बाहेर खरोखर जे दिसतंय तेवढंच काढा!”

बाहेर दोन डोंगर होते.

काका, तीन आठवडे पाऊस आणि ढग होते. मी रोज रेनकोटात मान घालून यायची नि जायची. मेरापी ज्वालामुखी इथून जवळ आहे हे ठाऊक होतं, पण एकटा मेरापी माझ्या बंदीत बसत नव्हता. त्याच्या शेजारी मेर्बाबू उभा आहे, खिंडीवर सूर्य येतो, आणि शाळेच्या फाटकातून निघालेला रस्ता भातशेतीतून नेमका तिथेच जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. “बाई, डावीकडचा मेर्बाबू, उजवीकडचा मेरापी,” नास्तितीने समजावलं. “आता काढायचे, की अजून बंदी आहे?” मागच्या बाकावर मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

मी गडबडले. मग एक पोरगा म्हणाला, “बाई, तुम्हीच काढून दाखवा ना.” खडू हातात घेतला आणि डोकं कोरं. हाताला एकच गोष्ट पाठ होती, ती हाताने काढली: तुमचा मांगूर. तळलेल्या माशाच्या गाडीवरच्या पडद्यावर तुम्ही काढता तो, वळलेल्या शेपटीचा, मिशा फेंदारलेला. वर्ग किंचाळला, “अरे, हा तर जेवणाच्या गाडीवरचा!” आणि दहा मिनिटांत एकतीस मांगूर तयार. सगळे डावीकडे तोंड केलेले.

तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “वुर्यानी, डोंगर उठवलेस आणि तिथे मासा बसवलास.” (आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं.) मग विचारलं, हा मासा तुला कोणी शिकवला? मी तुमच्याबद्दल सांगत सुटले. तुम्ही प्रत्येक पडद्याआधी बाजारातून जिवंत मांगूर आणता, घमेल्यात सोडता, तासभर नुसते बघत बसता, आणि संध्याकाळी काकू तो तळतात. दर वेळी नवा मासा, कारण तुमच्या मते कालच्या माशाचा स्वभाव वेगळा होता. मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, “मग तू त्यांच्याकडून घमेलं सोडून फक्त मासाच घेतलास.” पुढच्या मंगळवारी मला पुन्हा पाठ द्यायचाय. ही शेवटची संधी.

बाकी सर्व क्षेम. काकूंना सलाम.

तुमची पुतणी,
वुर्यानी

ता. क. पुढच्या मंगळवारी तुम्ही इथे याल का? पाठ मीच देणार, पण समोर घमेलं, मासा आणि तुम्ही हवेत. तुम्ही बोलायची गरज नाही. नुसतं बघत बसा, मुलं तुमच्याकडे बघून बघायला शिकतील.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला मॅडमसमोर बसवू नकोस. काका, वर्ग चौथीचाच आहे.

ता. क. तिसरा. तुम्ही म्हणाल, हाजी कोझिनच्या गाडीचा पडदा अर्धा राहिलाय. त्यांना मी काल फोन केला आणि पडद्यावरचं बदक आठ दिवस उशिरा रंगवून मिळेल म्हणून कळवलं. ते हो म्हणाले. तुमच्या रेल्वेचं तिकीट काकूंच्या हातात आहे आणि मुख्याध्यापिकांनी तुमचं नाव फळ्यावर लिहिलंय, ‘पाहुणे शिक्षक’ म्हणून. मीच लिहायला लावलं.