ओला कठडा

प्रयोगशाळा, तळमजला
सोमवार, दि. ४

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, शनिवारी आपण दोघी जिन्यात जे काही बोललो ते साऱ्या इमारतीने ऐकलं. आज सकाळी लिफ्टवाल्याने मला, मेट्रनबाईंचा राग उतरला का, असं काळजीने विचारलं. एकाच हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या सख्ख्या बहिणींनी एकमेकींना पत्रं लिहावीत म्हणजे हसावं की रडावं कळत नाही. पण बाबांचा लहानपणापासूनचा नियम आहे, भांडण वाढलं की तोंड मिटायचं आणि कागद घ्यायचा. म्हणून घेतला.

तुझ्या हाडांच्या वॉर्डात गेल्या महिन्यात दोघांचे टाके चिघळले, म्हणून मी पलंगांचे कठडे, कपाटांच्या कड्या आणि नळाच्या तोट्या तपासायला घेतल्या. सफाई झाल्या झाल्या कापसाचा बोळा फिरवून नमुने आणले आणि जंतू वाढवायच्या काचेच्या तबकड्यांवर लावले. निम्म्याहून जास्त तबकड्यांवर जंतूंनी संसार थाटलाय. तेच जंतुनाशक तुमच्या कोठीतून मागवून मी त्याच जंतूंवर घातलं, तर इथे एकही जगला नाही. म्हणजे औषध चोख आहे. मग वर त्यात कोणीतरी पाणी वाढवतंय, दुसरं काय? एवढंच मी म्हणाले, आणि तू माझ्या शिक्षणाचा उद्धार केलास.

मला भांडायची हौस नाही गं. बारा तारखेला बाबांच्या खुब्यात नवा सांधा बसायचाय, आणि तो तुझ्याच वॉर्डात. सर्जन काय म्हणाले ते तूही ऐकलंस. नव्या सांध्याला एकदा जंतू चिकटले की सांधाच काढावा लागतो, आणि बाबांच्या वयात दुसऱ्यांदा कोणी सुरी धरणार नाही. मला त्याची भीती वाटते, बाकी कशाची नाही.

लोभ आहेच, राग तेवढा आवरता घ्यावा, ही विनंती.
तुझी,
धाकटी


मेट्रन ऑफिस, तिसरा मजला
मंगळवार, दि. ५

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शिपायाने ते सगळ्या नर्सेससमोर हातात दिलं, त्यामुळे उरलीसुरली अब्रूही गेली.

पाणी वाढवतात! अगं, माझे केस या वॉर्डात पिकले. औषधाचं माप मी स्वतः घेते आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला असते. काल संध्याकाळी सफाई चालू असताना मावशींच्या बादलीतलंच औषध बाटलीत भरून तुझ्याकडे पाठवलंय. तपास. चोख निघालं तर माफी मावश्यांची माग, माझी नको. मला तुझ्या तोंडाची सवय आहे.

सफाई कशाला म्हणतात ते बघायला एकदा वर ये. कठडे आरशासारखे चकाकतात. मागे एका पेशंटचा भाऊ ओल्या फरशीवर घसरला, आणि अधीक्षकसाहेबांनी मला चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून मी नवी पद्धत लावलीय. औषधवाल्या मावशींच्या मागोमाग दुसऱ्या मावशी कोरडं फडकं घेऊन चालतात आणि फरशी असो की कठडा, लगेच पुसून घेतात. ओल नाही, डाग नाही, तक्रार नाही. साहेब फेरीत बोट फिरवून बघतात आणि खूश होऊन जातात. दुसऱ्या मजल्यानेही माझीच पद्धत उचललीय, म्हटलं सांगावं.

बाबांची तारीख पुढे ढकलायचं मनातही आणू नकोस. भिंत धरल्याशिवाय त्यांना बाथरूमपर्यंत जाता येत नाही, आणि विचारलं तर हूं की चूं करत नाहीत. आणखी एक. तुझा डबा काल भरलेलाच परत आला. जंतूंना वेळेवर खायला घालतेस, तसं स्वतःलाही घालत जा.

माया आहे म्हणूनच बोलते, हे ध्यानात असू दे.
तुझी,
ताई


प्रयोगशाळा, तळमजला
गुरुवार, दि. ७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बादलीतलं औषध चोख निघालं. मावश्यांची माफी मी वर येऊन मागितली. त्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या की आमचं राहू द्या, आधी बाईंना शांत करा, आम्हाला दिवसभर त्यांच्यासोबत काढायचाय.

पण ताई, ते कोरडं फडकं वाचून मी कपाळाला हात लावला. वर आले तेव्हा डोळ्यांनीही पाहिलं. औषध कठड्यावर पसरतंय न पसरतंय तोच दुसऱ्या मावशी ते पुसून घेतात. अगं, ते औषध आहे, मंतरलेलं पाणी नव्हे, की शिंपडलं आणि काम झालं. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलंय, दहा मिनिटं ओलं राहू द्यावं. माझ्या नळीत ते तेवढा वेळ होतं म्हणून जंतू मेले. तुझ्या कठड्यावर ते धड एक मिनिटही टिकत नाही. तू जंतूंना मारत नाहीयेस, आंघोळ घालून वर टॉवेलने त्यांची अंगं पुसतेयस! आणि दुसऱ्या मजल्यानेही हेच उचललंय, वा!

आधी साबणाने मळ काढायचा, साध्या पाण्याने साबण पुसायचा, मग औषध लावायचं, आणि मग कोणीही हात न लावता ते आपोआप वाळू द्यायचं. एवढंच आहे. बाबा रविवारी भरती होतायत. पाया पडते, तोवर एवढं कर.

उत्तराची वाट बघते. जेवले आहे.
तुझी,
धाकटी


मेट्रन ऑफिस, तिसरा मजला
शुक्रवार, दि. ८

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

चष्मा लावून बाटली वाचली. आहे खरं तसं लिहिलेलं. इतकी वर्षं ती बाटली हाताळली आणि माप सोडून काही वाचलं नाही. ते दोघांचे चिघळलेले टाके डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यावर तू काही लिहू नकोस, मला सहन होणार नाही.

कोरडी फडकी कालच बंद केली. फरशी अर्धी अर्धी करायची, म्हणजे कोणी घसरणार नाही. दुसऱ्या मजल्यावरही जाऊन सांगून आले, तिथल्या सिस्टर गालातल्या गालात हसत होत्या. आज साहेबांच्या बोटाला कठडा ओला लागला. वॉर्डाचा गोठा केलात, असं म्हणाले. मी कारण सांगायला गेले तर ऐकूनच घेतलं नाही. बाबांचं ऑपरेशन होईपर्यंत मला वाद नकोय, म्हणून गिळलं. सोमवारी तू सगळ्या कठड्यांचे नमुने घे. बाबांना खिडकीजवळचा पलंग दिलाय.

आपला लोभ भांडूनही टिकतो, तसाच टिकावा.
तुझी,
ताई


प्रयोगशाळा, तळमजला
मंगळवार, दि. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळ्या वॉर्डाच्या तबकड्या कोऱ्या निघाल्या, आणि एकच भरली. खिडकीजवळच्या पलंगाची. साऱ्या जगात नेमका तोच कठडा!

सर्जननी ऑपरेशन थांबवलं हे बरोबरच झालं, पण मला इतका संताप आलाय की हातात धरलेली नळी फुटली. तूही मावश्यांवर किती ओरडलीस ते खाली ऐकू आलं. त्या शपथेवर सांगतायत की बाबांच्या कठड्याला औषध लावून तसंच ओलं सोडलं होतं, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. एकदा खोटा आळ घेतला तेवढा पुरे झाला. मी बाबांनाही विचारलं. त्यांनी, मला काय ठाऊक, असं म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं धरलं होतं.

तूच विचार त्यांना. माझ्याच्याने होत नाही.
तुझी,
धाकटी


खिडकीजवळचा पलंग
बुधवार, दि. १३

चि. ताई आणि चि. धाकटी,
दोघींना पोटभर आशीर्वाद.

तुम्ही दोघी माझ्यासमोर गप्प आणि दाराबाहेर गेलं की सुरू, म्हणून आपल्या नियमाप्रमाणे मीच कागद घेतला. मावश्यांना काही बोलू नका. कठडा मी पुसला.

सोमवारी सकाळी साहेब फेरीला आले. ताई, माझ्याच पलंगाचा नुकताच धुतलेला कठडा त्यांच्या बोटाला ओला लागला, तसं त्यांनी तुला थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत साधं पुसायलाही शिकला नाहीत का. तू खाली मान घालून, हो साहेब, म्हणालीस. मी तुझा बाप आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तुला कामावर असं बोलतात हे मलाही माहीत नव्हतं. घरी तू कधी सांगितलं नाहीस.

मला उठून त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. पाय हलला नाही. ते गेल्यावर मावशी औषध लावून गेल्या, कठडा पुन्हा ओला झाला, आणि हे परत येऊन माझ्या पोरीला परत बोलणार असं वाटलं. मग माझा हात जिथवर पोचत होता तिथवर मी रुमालाने कोरडा करून ठेवला. दहा मिनिटांचं धाकटीने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. तेव्हा सुचलं नाही.

तुमची तारीख घालवली. मला वाईट वाटतंय. रागवा, पण आळीपाळीने रागवा, दोघींचं एकदम झेपत नाही.
तुमचा,
बाबा


मेट्रन ऑफिस, तिसरा मजला
बुधवार, दि. १३, दुपार

ती. बाबांच्या चरणी,
शि. सा. न.

तुमचं पत्र जिन्यात उभी राहून वाचलं आणि तशीच खाली धाकटीकडे गेले. आधी दोघी रडलो. मग दोघींनी तुम्हाला भरपूर नावं ठेवली. रुमाल उशाखालून काढून नेलाय, शोधू नका.

मावश्यांची माफी मागून झाली. कठड्याचा नवा नमुना आजच घेतलाय. तबकडी कोरी निघाली तर शुक्रवारी ऑपरेशन, सर्जननी तसा शब्द दिलाय.

उद्या सकाळी साहेब फेरीला येतील. कठडा ओला असेल, ते बोट लावतील आणि बोलायला तोंड उघडतील. या वेळी मी मान खाली घालणार नाही. धाकटीला सगळ्या तबकड्या घेऊन वर बोलावलंय. कठडा आपोआप वाळेपर्यंत साहेबांना तुमच्या पलंगाशीच उभं करीन आणि त्या सगळ्या दहा मिनिटांत मी बोलेन. आधी सांगेन की हे माझे वडील.

तुम्ही फक्त हात पांघरुणात ठेवा आणि ऐका.
तुमची,
थोरली