समोरून बरोबर असलेले कपाट

३ मार्च, सोमवार
आजपासून घासकाम बंद. मालकांनी मला कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसवले. आठवड्याभरात सहा खणांचे कपाट स्क्रीनवर उभे करून गिऱ्हाईक बाईंना दाखवायचे. पसंत पडले तर मी कायमचा डिझाइनवाला, नाही तर पुन्हा पॉलिशपेपर. ताईला म्हणालो, आता माझ्या शर्टांना भुसा लागणार नाही. ती म्हणाली, आधी कालचा धुऊन टाक.

४ मार्च, सकाळी १०
वस्तू सरकवायला तीन रंगांचे बाण असतात. लाल डावी-उजवीकडे, निळा वर-खाली, हिरवा आत-बाहेर. पण बाण सोडून वस्तूच धरून ओढली तरी सरकते. बाणांवर वेळ घालवणार नाही.

दुपारी ४
मॉडेल फिरवून पाहिले. कपाट पालथे पडले, अर्धा तास सरळ होईना. मला गरगरले. ठरवले, काम समोरूनच करायचे. कपाट उघडतातही समोरूनच.

६ मार्च
सहा खण, सहा मुठी, सगळे एका रेषेत. प्रत्येकाला नाव दिले, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. चौथा खण लहान दिसत होता. का ते कळेना. ताणून मोठा केला, आता शेजारच्यांएवढा. मागची फळी शेवटी लावेन, ती दिसत नाही. मान आखडली आहे.

७ मार्च
सुतारकाका चहाचा कप घेऊन डोकावले. म्हणाले, जरा बाजूने दाखव की. मी म्हणालो, बाजू शेवटी. म्हणाले, आम्ही आपले साधे खोकेही फिरवून बघतो बाबा, पण तू शिकलेला. टोमणा कळला. दहावी राहिली असली तरी माझी नववी पूर्ण आहे.

९ मार्च, रविवार
आज बाजूने पाहणार होतो. पाहिले नाही. जमलेले काम उगाच हलवू नये.

१० मार्च
बाई आल्या. समोरून पाहून म्हणाल्या, छान आहे. मालक माझ्याकडे बघून हसले. मग बाई म्हणाल्या, माझ्याकडे दारातून आत आलं की कपाटाची बाजूच दिसते, तशी दाखवा. मालकांनी माऊस घेतला.
मुठी हातभर पुढे, हवेत. पाच खण आपापल्या मर्जीने मागे-पुढे. चौथा कपाटामागे दहा पावलांवर, कपाटाहून मोठा.
बाईंनी चौथ्या खणाकडे बोट दाखवले. मग विचारले, ती मोठी पेटी यासोबतच येते का?
मालकांनी कॉम्प्युटरवर कापड टाकले.

१९ मार्च
सुतारकाकांनी कागदावर चार रेघा मारून कपाट केलेसुद्धा. सहाही खण आत जातात. घासायला मला मागची बाजू दिली. मी म्हणालो, ही भिंतीकडे जाणार, कोण बघणार आहे. काका म्हणाले, तू बघ.
संध्याकाळी शर्ट भिजत घातला.