पेन्शनवाल्याचं शेत

१० डिसेंबर १९५७, चांदा
जंगल खात्याने वसवलेल्या गावाचा नकाशा ट्रेसिंग कापडावर घेतेय. एक सोडून सगळ्या शेतांना शाई लागली. ऑफिसचे हेडक्लार्क बडेबाबू म्हणाले, "लच्माचं शेत रिकामं दाखवा. नाक्यावरचा चौकीदार होता, आता रिटायर. शेत खात्याच्या कामाच्या बदल्यात असते. काम नाही, शेत नाही." नियम दाखवा म्हटलं. "मले पाठ आहे." ते शेत पेन्सिलीतच ठेवलं.

१३ डिसें., कॅम्प
हद्दी पडताळायला गावात. लच्माभाऊ खळ्यावर होता. डोळ्यांना कमी दिसतं, घरात ओढाताण, तरी पेन्शनच्या कागदावर अंगठा देत नाही. कारण विचारलं.

"लाकडावर खात्याच्या शिक्क्याचा घण पडला का ते सरकारचं, बाई. मंग गावचा माणूस त्याले हात नाई लावत. मी अंगठा देलो का माह्यावरही घण पडला. शेत जाते, घरवापराले भेटते तो निस्ताराचा बांबू जाते, जळतन जाते."

त्याची बायको मैनाबाई सुपाने धान पाखडत होती. "घण पडाले तू का सागवान होय? मोहाचं वाकडं खोड तू. तुले कोण घण मारते!"

सगळे हसले. मीही.
पण भीती अगदीच खोटी नाही. बडेबाबू तेच म्हणतात.

१४ डिसें.
रेंजरसाहेबांना सरळ विचारलं. पेन्शन घेतली तर शेत जातं का?
"शेत घराला असतं, एका माणसाला नाही. घरातलं कुणीतरी खात्याच्या कामावर आलं म्हणजे झालं. मैनाबाई वणवा अडवायच्या जाळरेषा साफ करायला येते ना? आणि निस्तार गावात राहणाऱ्याचा. पेन्शनचा त्याच्याशी काय संबंध?"
लेखी मागितलं. शिफारस देतो म्हणाले, मंजुरी वरून. पूर्वी वर म्हणजे नागपूर होतं, आता मुंबई. वेळ लागेल.
तंबूत परतल्यावर लक्षात आलं, सकाळपासून जेवले नव्हते. भरपूर जेवले.

१५ डिसें.
दोघांना सांगितलं. मैनाबाईने दोनदा विचारलं, "माह्या कामानं शेत राह्यते? माह्या?"
हो म्हटलं.
ती नवऱ्याकडे वळली. "आता भाजीत मीठ कमी हाय म्हणशीन तं पाहजो."

१९ डिसें., चांदा
लच्माभाऊ ऑफिसात आला, पेन्शनच्या कागदावर अंगठा दिला. अंगठ्याची शाई धोतराला पुसली. बडेबाबूंनी शिफारस वाचून फायलीला लावली. हेही पुष्कळ. मंजुरी अजून नाही.
जाताना लच्माभाऊ दारात थांबला. "बाई, नाल्याकडचा बांध फुटून हाय. शेत राह्यणार असन तं आताच बांधाले घेतो. नाई तं काऊन कंबर मोडू?"
"बांधा," म्हटलं.
हे सांगायचा मला अधिकार नव्हता.